विक्झेलचा इशारा: १९१७च्या रशियासाठी राजकीय गट रचताना

पर्यायी इतिहासावरचा खेळ करायला बसलं की पहिले आठवडे नकाशा आणि सैन्य यांतच जातात. राजकीय गट काय, मागाहून बसवता येतील असं वाटत राहतं. रशियाच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा, हे आम्हाला चार महिने वाया गेल्यावर कळलं. आम्ही तिघांनी पटावर खेळायचा, पाच खेळाडूंचा एक खेळ जून २०२३मध्ये सुरू केला. ऑगस्ट २०२४मध्ये त्याचे २० संच छापून हातात आले. हेच काम दुसऱ्या कुणी हाती घेतलं तर त्याला अंधारात चाचपडायला लागू नये, म्हणून सगळा क्रम, चुका आणि खर्च इथे मांडतो आहे.

जून २०२३: फाटा

इतिहास जिथून वेगळ्या वाटेने जातो, त्या जागेला आम्ही फाटा म्हणतो. तीन फाटे समोर होते. ऑगस्ट १९१७मध्ये जनरल कोर्निलोवचं बंड यशस्वी झालं तर. एप्रिलमध्ये लेनिन स्वित्झर्लंडहून परत पोचूच शकला नाही तर. आणि विक्झेलची बोलणी फिसकटली नसती तर. पहिल्या फाट्यात निम्मे गट पहिल्याच फेरीत तुरुंगात जातात. दुसऱ्यात सगळं एका माणसाच्या असण्यानसण्यावर लटकतं आणि बाकीच्या चार खेळाडूंना हातावर हात ठेवून बसावं लागतं. तिसऱ्याबद्दल जितकं वाचत गेलो तितका तो पटत गेला.

विक्झेल म्हणजे अखिल रशियन रेल्वे कामगार संघटनेची कार्यकारिणी. बोल्शेविकांनी सत्ता घेतल्यावर चारच दिवसांनी, २९ ऑक्टोबर १९१७ला (नव्या दिनदर्शिकेने ११ नोव्हेंबर), तिने इशारा दिला: दोन्ही बाजूंनी लढाई थांबवा, बोल्शेविकांपासून लोकवादी समाजवाद्यांपर्यंत सगळ्या समाजवादी पक्षांचं मिळून सरकार करा, नाहीतर मध्यरात्रीपासून गाड्या बंद. बोल्शेविकांकडून कामेनेव बोलणीला गेला. मेन्शेविक (मार्क्सवाद्यांतला मवाळ पक्ष) आणि समाजवादी क्रांतिकारक (पुढे नुसतं एसआर म्हणतो) अडून बसले की सरकारात लेनिन आणि ट्रॉट्स्की नकोत. दुसऱ्याच दिवशी राजधानी पेट्रोग्राडजवळच्या पुल्कोवोला, उलथलेल्या सरकारच्या बाजूने चालून आलेले जनरल क्रास्नोवचे कोसॅक घोडेस्वार हरले आणि बोल्शेविकांची तडजोडीची निकड संपली. ४ नोव्हेंबरला कामेनेव, झिनोविएव, रीकोव, नोगिन आणि मिल्यूतिन या पाच जणांनी तडजोड नाकारल्याच्या निषेधात बोल्शेविकांच्या मध्यवर्ती समितीचे राजीनामे दिले.

इतक्या बारीक धाग्यावर ते सगळं लोंबकळत होतं. आमचा खेळ २९ ऑक्टोबरला सुरू होतो आणि बोलणी चालू ठेवायची की मोडायची, हे पाच खेळाडू ठरवतात.

फाटा निवडायची आमची कसोटी एकच होती: त्या दिवशी खऱ्या माणसांनी त्याच प्रश्नावर मतं दिली होती का? दिली असतील तर दोन्ही बाजूंची कारणं आयती मिळतात, कल्पनेने रचावी लागत नाहीत.

जुलै ते सप्टेंबर: नऊ गट

पहिल्या तक्त्यात प्रत्येक पक्षाला एक गट दिला. बोल्शेविक, एसआर, डावे एसआर, मेन्शेविक, कॅडेट (उदारमतवादी घटनावादी पक्ष), लोकवादी समाजवादी, युक्रेनची रादा (तिथली प्रतिनिधी सभा), दोन नदीकाठचे कोसॅक, अराजकवादी. प्रत्येकाला लोकप्रियता, सैन्य, पैसा आणि एकजूट यांचे दहापैकी गुण. बहुतेक जण असाच तक्ता करतात आणि दिसायलाही तो नीटनेटका दिसतो.

चाचणीचे १२ डाव खेळलो. त्यांपैकी ११ एसआर जिंकले. लोकवादी समाजवाद्यांना करायला कामच नव्हतं. कॅडेट दुसऱ्या फेरीत संपायचे आणि तो खेळाडू पुढचे दोन तास चहा करायचा.

कारण शोधायला तीन आठवडे लागले. संविधान सभेच्या निवडणुकीला १२ नोव्हेंबरला सुरुवात झाली. तिच्यात एसआरना सुमारे ४० टक्के मतं पडली, बोल्शेविकांना सुमारे २४ आणि कॅडेटना ५ टक्क्यांहून कमी. हे आकडे आम्ही सरळ ताकद म्हणून मांडले होते. पण देशभर पाचही टक्के न मिळालेल्या कॅडेटना पेट्रोग्राडमध्ये सुमारे २६ आणि मॉस्कोत सुमारे ३५ टक्के मतं होती. बोल्शेविकांना या दोन शहरांत ४५ ते ४८ टक्के. राजधानीला जवळ असलेल्या उत्तर आणि पश्चिम आघाडीवरच्या सैनिकांतही बोल्शेविकच पुढे होते. एसआरची मतं खेड्यांत होती, रुळांपासून लांब. मतं किती यापेक्षा ती कुठे आहेत आणि तिथून गाडी पेट्रोग्राडला किती दिवसांत पोचते, यावर तेव्हाची सत्ता अवलंबून होती.

तक्ता फाडून टाकला. वाईट वाटलं, कारण तोवर नऊ चिन्हंही काढून झाली होती. चिन्हं आणि रंग शेवटी करावेत. एकदा चित्र आवडलं की तो गट काढून टाकायला हात धजत नाही.

ऑक्टोबर: आधार, अट, भेग

नव्या पद्धतीत प्रत्येक गटाला तीनच ओळी दिल्या. आधार म्हणजे नकाशावरच्या कुठल्या जागा आणि कुठली माणसं हलवता येतात. अट म्हणजे कुठली गोष्ट हा गट सोडणार नाही. भेग म्हणजे ती अट मोडली तर गटातलं कोण बाहेर पडतं. ज्या पक्षाच्या तिन्ही ओळी भरता आल्या नाहीत त्याला खेळाडू दिला नाही. अशा गाळणीतून नवाचे पाच झाले: बोल्शेविक, एसआर, डावे एसआर, मेन्शेविक, रादा. कॅडेट आणि कोसॅक पटावर आहेत, पण त्यांच्या चाली पत्त्यांच्या गठ्ठ्यातून आपोआप निघतात.

यातली भेगेची ओळ सर्वांत मोलाची. १९१७मध्ये रशियातला एकही मोठा पक्ष अखंड नव्हता. मेन्शेविकांत युद्धविरोधी मार्तोव आणि युद्ध चालू ठेवू पाहणारे, एसआरमध्ये पक्षाचा नेता चेर्नोव आणि डाव्यांची नेता स्पिरिदोनोवा, बोल्शेविकांत लेनिन आणि कामेनेव. म्हणून नियम असा: गटाने स्वतःची अट मोडली की त्याच्या पाटीवर (गटाच्या तीन ओळी जिच्यावर छापल्या आहेत ती) एक लाल ठोकळा ठेवायचा. तिसऱ्या ठोकळ्याला गट फुटतो आणि ठरलेले पत्ते उचलून दुसऱ्या खेळाडूच्या हातात जातात. बोल्शेविकांच्या पाटीवर तर कामेनेवसकट त्या पाच जणांचा एकच जोडपत्ता आहे. बोलणी मोडली की तो लगेच बाहेर जातो, ठोकळे मोजत बसायचं नाही. आधी ही किंमत नव्हती, तेव्हा बोल्शेविक खेळाडू दरवेळी पहिल्याच फेरीत बोलणी मोडत असे आणि त्याचं चूक काहीच नव्हतं. मोडण्यात त्याला तोटाच नव्हता.

एसआरची पाटी जरा जवळून दाखवतो, कारण सगळा तोल तिथे सांभाळावा लागला. आधार: व्होल्गाकाठची आणि काळ्या मातीच्या पट्ट्यातली खेडी, १४ हिरवे ठोकळे. अट: संविधान सभा भरलीच पाहिजे. भेग: जमीन. २६ ऑक्टोबरचा जमिनीचा हुकूमनामा बोल्शेविकांनी काढला, पण त्यातला मुख्य मजकूर गावोगावच्या २४२ मागणीपत्रांवरून तयार झालेला होता आणि तो एसआरचाच कार्यक्रम होता. म्हणून 'जमीन' हा पत्ता कुणाच्याच हातात न देता पटाच्या मधोमध उताणा ठेवला. जो अंमलात आणेल त्याला श्रेय. मात्र अंमल झाला की हिरवे ठोकळे आडवे पडतात. आडवा ठोकळा सभेत मत देतो, पण जागचा हलत नाही. जमीन मिळालेला शेतकरी पेरणीला लागतो, सभेच्या रक्षणासाठी पेट्रोग्राडला येत नाही. या एका नियमाने एसआरचं ११-१ संपलं. चाचणीत पहिल्यांदा ते ठोकळे एकामागून एक आडवे झाले तेव्हा टेबलाभोवती कुणी काही बोललं नाही.

डाव्या एसआरचा प्रश्न वेगळा होता. पक्ष फुटायच्या आधीच उमेदवार याद्या ठरल्या होत्या, त्यामुळे मतदाराला डावे कोण आणि उजवे कोण हे निवडताच आलं नाही. जागा ढोबळमानाने एसआरना ३७०, डाव्यांना ४०. आमच्या खेळात १० जागांना एक सोंगटी, म्हणजे ३७ आणि ४. डावे एसआर खेळणारा पहिल्यांदा कुरकुरतो की खेड्यांत आणि बराकींत आपलं वजन आहे, मग सभेत का नाही? ती कुरकुर राहू द्यावी. त्यामुळेच तो आपणहून सभेपेक्षा सोव्हिएतच्या (कामगार, सैनिक आणि शेतकऱ्यांच्या परिषदांच्या) अधिवेशनाकडे वळतो. आम्ही एकदा दयेपोटी त्याला ४ च्या १० सोंगट्या दिल्या, तर गटाचं वेगळेपणच गेलं.

रादाबाबत नेहमी होणारी चूक म्हणजे तिला पहिल्या फेरीपासून फुटीर दाखवणं. ७ नोव्हेंबरच्या तिसऱ्या घोषणापत्राने युक्रेनी लोकप्रजासत्ताक जाहीर केलं ते रशियाच्या संघराज्याचा भाग म्हणून. स्वातंत्र्य आलं ते चौथ्या घोषणापत्रात, जानेवारी १९१८मध्ये, पेट्रोग्राडशी लढाई जुंपल्यावर. म्हणून 'संघराज्य' ही रादाची अट आहे आणि ती दुसऱ्यांनी दोनदा डावलली तरच स्वातंत्र्याचा पत्ता उघडतो.

नोव्हेंबर आणि डिसेंबर: विक्झेलची सोंगटी

विक्झेल हा पक्ष नव्हे, म्हणून त्याला खेळाडू नाही. एक मोठी सोंगटी आहे. रेल्वेच्या मोठ्या ठाण्यांवर मेन्शेविक आणि डावे एसआर यांपैकी ज्याचे ठोकळे जास्त, त्याच्याकडे ती राहते.

पहिल्या नियमात ही सोंगटी उलटी केली की एक फेरी सगळ्या गाड्या बंद. परिणाम भयंकर झाला. धान्य व्होल्गा, युक्रेन, कुबान आणि पश्चिम सायबेरियात. खाणारी तोंडं पेट्रोग्राड आणि मॉस्कोत. दोन फेऱ्या संप झाला की दोन्ही शहरं उपाशी, आणि मेन्शेविकांचे स्वतःचे छापखाना कामगारही त्याच शहरांत. चौथ्या फेरीपर्यंत सगळे हरायचे.

खऱ्या संघटनेकडे परत गेलो तेव्हा उत्तर सापडलं. कार्यकारिणीतलं राजकारण एक आणि कारखान्यांतल्या फिटरांचं दुसरं. पेट्रोग्राड आणि मॉस्कोच्या वर्कशॉपांत बोल्शेविकांचा जोर होता, आणि सर्वत्र बंदचा तो संप प्रत्यक्षात झालाच नाही. इशाऱ्यात वजन होतं, वापरात तेवढं नव्हतं. आता इशारा देता येतो प्रत्येक फेरीत, आणि तो दिला की उरलेल्या चौघांनी त्याच फेरीत एकेक सवलत द्यायची किंवा नकार द्यायचा. प्रत्यक्ष संप डावात एकदाच. ज्या शहरात बोल्शेविकांचे तीन ठोकळे आहेत तिथे गाड्या चालूच राहतात. संप झाल्यावर सोंगटीचे दोन तुकडे होतात आणि एक बोल्शेविकांकडे जातो. जानेवारी १९१८मध्ये विक्झेलला शह द्यायला विक्झेदोर ही दुसरी कार्यकारिणी उभी राहिलीच होती. सोंगटी खरोखर दोन तुकड्यांची कापली आहे, मधला सांधा करवतीच्या दातांसारखा. हातात धरली की ती फुटू शकते हे नियम न वाचताही कळतं.

जानेवारी २०२४: तेरा दिवस

रशियाची जुनी दिनदर्शिका तेव्हा १३ दिवस मागे होती. काही पत्त्यांवर जुनी तारीख, काहींवर नवी, असा घोळ आमच्या ९४ पत्त्यांपैकी चारांत सापडला. तिसरं घोषणापत्र नव्या तारखेने २० नोव्हेंबर लिहिलं होतं, तर निवडणूक जुन्या तारखेने १२ नोव्हेंबर. त्यामुळे रादाची घोषणा निवडणुकीनंतर येत होती. खरा क्रम ७ आणि १२ असा आहे. फेब्रुवारी १९१८मध्ये तर ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी आली. आमची फेरी पंधरवड्याची. पटावर '१ ते १३ फेब्रुवारी' असं घर छापायला तयार होतं, म्हणजे एक जादा फेरी आणि शहरांना एकदा जादा धान्य पुरवावं लागणं. त्या एका घरामुळे शेवटी शेवटी उपासमार का वाढते हे आम्हाला दोन महिने उमगलं नव्हतं. उपाय साधा आहे: पहिल्या दिवशीच वहीत दोन रकाने आखावेत, जुनी आणि नवी, आणि दोन्ही भरल्याशिवाय पत्ता लिहू नये.

फेब्रुवारी ते एप्रिल: ताळा

पर्यायी इतिहासाच्या खेळाला ताळा हवा. पाचही खेळाडूंनी इतिहासात झाले तेच निर्णय घेतले, तर खेळ खऱ्या निकालाजवळ पोचायला हवा. आमचा ताळा ५ जानेवारी १९१८चा, संविधान सभेच्या अध्यक्षाची निवड: चेर्नोव २४४, स्पिरिदोनोवा १५३. सोंगट्यांत साधारण २४ आणि १५. पहिल्यांदा आमचं उत्तर ३१ आणि ९ आलं. एक चूक गैरहजेरीची होती: निवडून आलेले सातशेच्या आसपास, आलेले सुमारे ४१०, आणि आम्ही सगळे धरत होतो. दुसरी चूक नियमात होती. प्रत्येक गटाने स्वतःचाच उमेदवार द्यावा असं लिहिलं होतं, पण बोल्शेविकांनी स्पिरिदोनोवाला मतं दिली होती. दोस्ताच्या उमेदवाराला मत देण्याची मुभा दिली आणि लांबच्या प्रांतांतल्या सोंगट्यांना प्रवासाची फेरी लावली. मग २५ आणि १५ आलं. तिथे थांबलो. एका सोंगटीच्या फरकासाठी आणखी एक नियम वाढवणं महागात पडतं.

याच काळात चेकाच्या, म्हणजे बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांच्या, पत्त्यावर सर्वांत जास्त बोलणं झालं. चेका ७ डिसेंबर १९१७ला स्थापन झाली. आधीच्या पत्त्यावर 'विरोधी गटाचे दोन ठोकळे काढा' एवढंच होतं, आणि खेळणारे तो हसत हसत टाकत. तो हसण्याचा विषय नाही. आता काढलेले ठोकळे डब्यात परत जात नाहीत, पत्ता टाकणाऱ्या खेळाडूच्या समोर शेवटपर्यंत दिसत राहतात, आणि ज्याच्यासमोर ते आहेत त्याच्याशी कुणी करार केला तर करार करणाऱ्याच्या पाटीवर भेगेचा एक ठोकळा वाढतो. दहशतीचे नियम लिहिताना निदान एवढी काळजी घ्यावी.

मे: नावं आणि अक्षरं

रशियन नावं देवनागरीत आणताना एकाच माणसाची तीन रूपं होतात. झिनोविएव, झिनोव्हिएव, झिनोवियेव अशी तिन्ही आमच्याकडे होती. ११० नावांची एक यादी करून तिघांनी सही केली आणि पुढे तिच्याबाहेर गेलो नाही. सोंगटी १५ मिलिमीटरची. तिच्यावर ७ पॉइंटचं अक्षर घेतलं तर वेलांट्या कापल्या जातात. ९ पॉइंट घ्या आणि नाव मावत नसेल तर चिन्ह वापरा. छापखान्याला फाइल देण्याआधी सगळी अक्षरं आकृतीत बदलून घ्यावीत. ते राहिलं तर जोडाक्षरं फुटतात. पहिल्या प्रूफात 'विक्झेल'चा क आणि झ सुटे आले, आणि तेही २८ ठिकाणी.

जून ते ऑगस्ट: छपाई आणि कागदपत्रं

१२ बाय १८ इंची शीटवर ६३ बाय ८८ मिलिमीटरचे १८ पत्ते बसतात. ९४ पत्त्यांना सहावं शीट लागत होतं, म्हणून अराजकवाद्यांचे उरलेले चार पत्ते काढून ९० केले, पाच शीट भरली. हा हिशेब गट रचतानाच करायला हवा होता.

२० संचांचा खर्च, कर धरून: पत्ते ३०० जीएसएम आर्ट कार्डवर, १०० शीट, ५,५०० रुपये, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन १,६००, नकाशे २,८००, सोंगट्यांची शीट २ मिलिमीटर ग्रे बोर्डावर चिकटवून २,४००, २४ पानी नियमपुस्तिका २,२००, १,२०० लाकडी ठोकळे ३,०००, डबे ३,०००. एकूण २०,५००, म्हणजे संचाला १,०२५ रुपये. सोंगट्या हाताने कापल्या. एका संचाला पावणेदोन तास लागतात आणि कटरचं पातं दर दोन शीटनंतर बदलावं लागतं, नाहीतर बोर्डाची कड फुलते.

प्रूफ एक आठवड्यात मिळालं, दुरुस्त प्रूफाला आणखी १२ दिवस गेले. लॅमिनेशननंतर पत्ते किमान एक दिवस वजनाखाली ठेवा. पावसाळी हवेत ते धनुष्यासारखे वाकतात आणि मग गठ्ठा पिसता येत नाही.

कॉपीराइट नोंदणी ऑनलाइन केली. खेळाची कल्पना किंवा नियमांची यंत्रणा नोंदवता येत नाही. नियमपुस्तिकेचा मजकूर साहित्यकृती म्हणून नोंदवता येतो. अर्ज नमुना १४, शुल्क ५०० रुपये. अर्ज एकाच्या नावाने असेल तर बाकीच्या लेखकांची ना हरकत पत्रं जोडावी लागतात. डायरी क्रमांक मिळाला की हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, त्यानंतरच छाननी. नकाशा चित्रकृती म्हणून नोंदवायचा तर मालावर वापरली जाणारी कलाकृती या सदरात शुल्क २,००० रुपये आहे आणि ट्रेड मार्क कार्यालयाचा शोध दाखलाही लागतो, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवला.

डबे भरताना एक चूक दिसली. मेन्शेविकांच्या पाटीवर आधार म्हणून फक्त छापखाने आणि रेल्वे लिहिलं गेलं, तिफ्लिस (जॉर्जियातलं आजचं तिबिलिसी) राहिलं. मेन्शेविकांच्या मतांचा मोठा वाटा कॉकेशसपलीकडचा होता आणि मे १९१८मध्ये जॉर्जिया त्यांच्याच हाती स्वतंत्र झाला, त्यामुळे हे तसंच सोडून देणं शक्य नव्हतं. २० चिठ्ठ्या छापून डब्यांत घातल्या आहेत: 'मेन्शेविक: तिफ्लिसमध्ये सुरुवातीला दोन ठोकळे ठेवा.' दुसऱ्या छपाईत ही ओळ पाटीवर जाईल.